काचेतून दिसणारा नंबर

मॉनिटरच्या पडद्यावर दोन मोठे आकडे असतात आणि खाली उजव्या कोपऱ्यात एक लहान. मोठ्यांपैकी वरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा, खालचा नाडीचा. कोपऱ्यातला आकडा दशांशात असतो. मॉनिटरच्या वायरची पट्टी बाळाला जिथे गुंडाळली आहे तिथवर रक्त किती पोचतंय, ते तो सांगतो. त्या सकाळी दहा वाजता नवजात कक्षातल्या पाच नंबरच्या उबेच्या पेटीतल्या बाळाच्या हातावरची पट्टी काढून मी उजव्या पायाला गुंडाळली तेव्हा तो ०.४ होता. आदल्या संध्याकाळी ०.९ होता. त्याच्या आदल्या सकाळी १.३.

वरचा मोठा आकडा मात्र ९४ होता, म्हणजे चांगला होता.

"सिस्टर, याचे पाय बघा," मी म्हणाले.

तायडे सिस्टरांनी हातमोजा काढला आणि बोटांच्या मागच्या बाजूने बाळाचा तळवा चाचपला. बाळ सहा दिवसांचं, एक हजार ऐंशी ग्रॅमचं. तळवा त्यांच्या अंगठ्याएवढा होता.

"पाय गार, पोट कोमट," त्या म्हणाल्या. "सरांना फोन करा."

मी फोन केला. भागवत सर आमच्या विभागाचे प्रमुख. मी त्यांच्या हाताखाली एम.डी.च्या शेवटच्या वर्षाला होते.

"०.४ कशाचं?" त्यांनी विचारलं.

"पायाच्या परफ्युजनचं, सर."

"म्हणजे तुझ्या थिसिसचा आकडा."

"हो सर."

"सॅच्युरेशन किती?"

"चौऱ्याण्णव."

"मग जंतुसंसर्ग बघायला रक्त कल्चरला पाठव, लघवीवर लक्ष ठेव. ओपीडी उरकली की येतो. आणि हे बघ, थिसिसवर उपचार करायचे नसतात. बाळावर करायचे असतात."

मी रक्त पाठवलं. सलाइनचा डोस सुरू करण्याइतका अधिकार मला होता. मी सरांची वाट पाहिली.

काचेवर टकटक झाली. बाहेर प्रल्हाद ढोरे उभा होता, बाळाचा बाप. सहा दिवस तो त्या काचेपाशीच होता. आमच्याकडे अकरा बाळं होती आणि एका पाळीला दोन सिस्टर, त्यातली एक नेहमी रजेवर. म्हणून तायडे सिस्टरांनी एक पद्धत पाडली होती. ज्यांची पेटी काचेजवळ, त्या नातेवाइकांना त्या वरचा आकडा वाचायला शिकवत. नव्वदच्या वर असला तर बसून राहायचं, खाली गेला तर काच वाजवायची. या पद्धतीने त्या वर्षात दोन बाळं वाचली होती. बाहेर सगळे त्याला नंबर म्हणत. प्रल्हाद तो फोनवरून गावाला कळवायचा. आज पंच्याण्णव, आज त्र्याण्णव, जसा कापसाचा भाव सांगावा तसा.

मी दरवाजा थोडा उघडला.

"मॅडम, वायर काढली का नंबर जाते," तो म्हणाला. "तुम्ही दर वेळी काढता. सकाळी एकडाव, सांजच्याला एकडाव."

"हाताची काढून पायाला लावते. अर्धा मिनिट लागतं आकडा यायला."

"पायाले कायले? पोरगं का पायानं श्वास घेते?"

मागे बाकावर बसलेले दोघे हसले. तोही हसला. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं. "तपासणी आहे," एवढंच म्हणून मी दार लावलं.

बाळाची आई, रंजना, आत बेसिनजवळच्या स्टुलावर बसून वाटीत दूध काढत होती. बावीस वर्षांची असेल. तिने आमचं बोलणं ऐकलं होतं.

"त्यायच्या बोलन्याचं वाईट नका मानू," ती म्हणाली. "सहा दिवस झाले, झोपले नाहीत."

बारा वाजता मी पुन्हा पाय मोजला. ०.३. मी सरांना विचारलं नाही, सलाइन सुरू केलं. सर आलेच नाहीत, ओपीडी तुंबली होती.

पावणेतीनला बाळाने श्वास थांबवला. वरचा आकडा ८८ झाला, मग ७१, मग ५४. काच वाजायला लागली. मी पेटीचं झाकण उघडलं, घशातून नळी घातली, तिला हवा देण्याचा फुगा जोडला आणि दाबायला लागले. एकमेव व्हेंटिलेटर दोन नंबरच्या बाळाला लावलेला होता. सिस्टरांनी इंजेक्शनं भरली. आकडा ७० वर आला आणि तिथेच अडकला.

तोवर त्यांच्या जवळच्याच गावाहून जीप आली होती. नंबर पडल्याचं प्रल्हादने कळवलं असणार. दहा-बारा माणसं होती. त्यांच्या पुढे त्याचा मोठा भाऊ दादाराव, उंच, पांढऱ्या सदऱ्यातला. त्याने काच वाजवली नाही. सरळ दारावर लाथ घातली.

"उघडा. काय करून रायल्या अंदर?"

"बाळाला श्वास देतोय," मी आतून म्हणाले.

"कोनं काढली वायर? वायर काढली अन् नंबर पडला. माह्या भावानं डोयानं पाह्यलं."

दुसरी लाथ बसली. वरची बिजागरी भिंतीतून हलली आणि चुना खाली पडला. नऊ नंबरची आई किंचाळत व्हरांड्यातून पळाली. व्हरांड्यात काम करणारी आमची मावशी इमारतीच्या मागच्या दाराने पोलीस चौकीकडे गेली होती.

तायडे सिस्टरांनी डोक्यावरची टोपी नीट केली. पंचावन्न वर्षांची बाई. या कक्षात त्यांची एकोणीस वर्षं झाली होती.

"मी बोलते त्यांच्याशी," त्या म्हणाल्या. "मी गेले की मागून कडी लावा."

"नको सिस्टर."

"तुम्ही फुगा सोडून जाणार आहात का?"

त्या गेल्या. कडी रंजनाने लावली.

काचेतून मला सगळं दिसत होतं. सिस्टरांनी दोन्ही हात छातीपुढे धरले होते, जसे त्या रडणाऱ्या आयांपुढे धरत. "शांत व्हा. माझं ऐका. डॉक्टर आत काम करतायत."

"वायर काढनारी तूच का?" दादारावने विचारलं.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं त्या नाही म्हणतील. त्यांना तसं म्हणण्याचा पूर्ण हक्क होता. पट्टीला त्यांनी त्या दिवशी हातही लावला नव्हता.

"हो," त्या म्हणाल्या. "काय म्हणायचं ते मला म्हणा."

त्याने पहिली थप्पड मारली तेव्हा त्यांची टोपी काचेवर आदळली. दुसऱ्या एकाने केस धरून त्यांना खाली ओढलं. मग त्या मला दिसेनाशा झाल्या, फक्त माणसांच्या पाठी आणि वर-खाली होणारे पाय दिसत होते. एकाने सलाइनचा लोखंडी स्टँड उचलला. तो तीन वेळा खाली आला. तिसऱ्या वेळचा आवाज वेगळा होता, ओला. प्रल्हाद मारणाऱ्यांना मागे ओढत होता. त्यालाच कुणीतरी कोपर मारलं आणि तो भिंतीवर जाऊन पडला.

मी फुगा दाबत होते. मिनिटाला चाळीस.

आकडा ४० झाला. नाडी ५२. नाडी साठच्या खाली गेली की छातीही दाबावी लागते. एकाने फुगा दाबायचा, दुसऱ्याने छाती. मी एकटी होते.

"रंजना, हात धू आणि इकडे ये."

ती आली. मी तिच्या हातात फुगा दिला. "मी तीन म्हटलं की दाब. जोरात नाही. भाकरी फुगली की बोट लावतो ना, तेवढंच."

"हो."

"एक, दोन, तीन."

तिने दाबला. छाती वर आली. मी दोन अंगठ्यांनी छाती दाबत होते, ती फुगा. "एक, दोन, तीन." दारावर लाथा बसत होत्या. तिचा हात एकदाही चुकला नाही. मी औषध दिलं, पुन्हा दिलं. मधे मधे थांबून स्टेथोस्कोप लावत होते. तीन बावीसला ठोके ऐकू आले, फार मंद. त्यानंतर आले नाहीत. दहा मिनिटं आम्ही चालू ठेवलं. तीन बत्तीसला मी पुन्हा ऐकलं, एक पूर्ण मिनिट, घड्याळ लावून. एकही ठोका नव्हता.

मी स्टेथोस्कोप काढला. रंजनाने माझ्याकडे पाहिलं आणि फुगा दाबला. मी तीन म्हटलं नव्हतं.

पडद्यावर आकड्यांच्या जागी आडव्या रेघा आल्या.

"नंबर गेला." हा आवाज प्रल्हादचा होता. तो उठून काचेला दोन्ही तळवे लावून उभा होता, कपाळातून रक्त येत होतं. "भाऊ, नंबर गेला."

स्टँड काचेतून आत आला. बाजूचं एक तावदान फुटलं. तुकडे सहा नंबरच्या पेटीच्या झाकणावर पडले, काही जमिनीवर घरंगळत सात नंबरच्या खाली गेले. फटीतून एक हात आत आला आणि कडी चाचपायला लागला. कडी तिथून वीतभर लांब होती.

"एकालेही सोडू नका," दादाराव म्हणाला. हे त्याने ओरडून सांगितलं नाही, आणि म्हणूनच मला ते खरं वाटलं.

खोलीत दहा बाळं होती. सगळ्यांत मोठं सोळाशे ग्रॅमचं.

मी काय करते आहे ते ठरवून केलं असं म्हणता येणार नाही, पण हात नीट चालले. मी बाळाच्या पायावरची पट्टी सोडवली. चादर बाळाच्या पोटावर ओढली, चादरीखाली माझा डावा हात घातला आणि पट्टी करंगळीला गुंडाळली. लाल दिवा नखावर आला की नाही ते अंगठ्याने तपासलं. चार सेकंद रेघा राहिल्या. सात सेकंद. मग आकडे आले.

९७. नाडी १४८.

मोठ्या माणसाची नाडी सत्तर-ऐंशी असते. एकशे अठ्ठेचाळीस ही वेळेआधी जन्मलेल्या बाळाची असते. माझं हृदय त्या वेळी तेवढ्या वेगाने चाललं होतं. कोपऱ्यातला लहान आकडा ०.४ होता, कारण माझी बोटं भीतीने गार पडली होती. तो बाहेर कुणाला वाचता येत नव्हता.

"थांबा," प्रल्हाद म्हणाला. "भाऊ, थांबा. नंबर आला."

कडीपाशी चाचपडणारा हात थबकला.

"सत्त्याण्णव. पाहा ना तुम्ही. सत्त्याण्णव."

बाहेर सगळे काचेला चिकटले. मी खाली बघून राहिले. रंजनाने पडद्याकडे पाहिलं, मग बाळाच्या उघड्या पायाकडे, मग चादरीतून निघून माझ्या मनगटाकडे जाणाऱ्या वायरकडे.

"पायाले नाही ते," ती हळूच म्हणाली.

"नाही."

"कोनाचं हाय?"

मी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. ती एक पाऊल सरकली आणि काचेकडे पाठ करून उभी राहिली, अशी की माझा हात आणि वायर दोन्ही तिच्या पाठीआड गेले. मग तिने फुगा दाबला. "सांगा तीन," ती म्हणाली. "ते पाहून रायले."

"तीन," मी म्हणाले.

आम्ही हे अठ्ठेचाळीस मिनिटं केलं. सोळा वर्षं झाली, तेव्हापासून मी कित्येक बाळांना फुगा दिला आहे. एका माणसाच्या हातात इतकी अचूक लय मी पुन्हा पाहिली नाही.

मधे एकदा सात नंबरचं यंत्र वाजायला लागलं. ते बाळ श्वास घ्यायला विसरत असे, तळव्याला टिचकी मारली की आठवायचं. माझ्यापासून तीन पावलांवर होतं, आणि मी वायरने बांधलेली. हात काढला असता तर काचेपलीकडे पुन्हा रेघा दिसल्या असत्या.

"रंजना, सातला जा. तळव्याला टिचकी मार. सिस्टर मारतात तशी."

"हा फुगा?"

"मी दाबते उजव्या हाताने."

ती काचांच्या तुकड्यांतून अनवाणी गेली. तिने झाकणाच्या खिडकीतून हात घातला आणि टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. बाळ आक्रसलं, रडलं, यंत्र थांबलं. ती क्षणभर तिथेच उभी राहिली, हात आत ठेवून. त्या बाळाने तिचं बोट धरलं होतं. मग तिने ते सोडवून घेतलं आणि माझ्याजवळ आली. तिच्या पावलांचे लाल ठसे फरशीवर उमटले होते.

"सांगू नका आता," ती म्हणाली. "भाऊजी तुम्हाले मारून टाकतीन. मंग यायलेही." तिने मानेने पेट्या दाखवल्या.

"नंतर सांगावं लागेल."

"नंतरचं नंतर."

बाहेर दादाराव बाकावर बसून बिडी ओढत होता. स्टँड त्याच्या मांडीवर आडवा होता. तायडे सिस्टर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचा जबडा एका बाजूला सरकला होता आणि पदर तोंडाशी धरलेला. कुणी त्यांना हात लावत नव्हतं. नंबर होता तोवर सगळे थांबले होते. दर थोड्या वेळाने प्रल्हाद मोठ्याने वाचायचा. "शहाण्णव. सत्त्याण्णव." एकदा तो फोनवर म्हणाला, "नाही, सुधारून रायलं. वाढला नंबर."

चार वाजून वीस मिनिटांनी पोलिसांची गाडी आली. लाठ्या चालल्या, माणसं व्हरांड्यातून पळाली, दोघं पायऱ्यांवर पडली. दादारावने स्टँड एका शिपायाच्या खांद्यावर मारला आणि मग चौघांनी त्याला खाली दाबलं. सिस्टरांना स्ट्रेचरवरून नेलं. मी दार उघडायला सांगितलं तेव्हा कडी रंजनानेच काढली.

सगळ्यांत आधी भागवत सर आत आले. त्यांनी पडदा पाहिला, बाळ पाहिलं, चादर उचलली आणि माझी करंगळी पाहिली.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"तीन बत्तीस."

"फाईलमध्ये चार पंचवीस लिही." ते माझ्या कानाशी बोलत होते. "इन्स्पेक्टर म्हणतायत, आत्ता काही सांगायचं नाही. फाटकाबाहेर अजून पन्नास माणसं आहेत. बाळ गंभीर आहे एवढंच. उद्या सकाळी बंदोबस्तात मी सांगेन, चार पंचवीसला गेलं म्हणून. ही गोष्ट तुझ्या-माझ्यात राहिली पाहिजे. तू बाळं वाचवलीस, हे लक्षात ठेव. कळलं?"

मी मान हलवली.

"आणि ते राहू दे तसंच," ते करंगळीकडे बघून म्हणाले. "बाप एकदा बघून जाईल."

इन्स्पेक्टरांनी प्रल्हादला एकट्याला आत सोडलं. चपला बाहेर काढायचा आमचा नियम होता. त्याने दाराशी, काचांच्या ढिगात, त्या काढल्या आणि आत आला. कपाळावरचं रक्त वाळलं होतं. तो बाळाकडे आला नाही. पडद्यापुढे जाऊन उभा राहिला, नेहमीसारखा, जणू मधे अजून काच होती.

"सत्त्याण्णव," तो म्हणाला. "एवढा तर कधीच नव्हता जी."

तो माझ्याकडे वळला.

"मी भाऊले म्हनलं, नंबर चालू हाय तोवर कोनी हात नाही लावाचा. म्हनलं, त्या मॅडमले समजते." तो माझ्या पायांकडे वाकायला लागला. मी मागे सरकले, पण वायर पुरली नाही. "ते सिस्टर बाईले लागलं. मी माफी मांगतो. तुम्ही सांगा त्यायले. पोरगं वाचलं म्हनाव, माफ करा म्हनाव."

सर माझ्याकडे बघत होते. इन्स्पेक्टर दारात होते, एक हात चौकटीवर. बाहेरून फाटकाकडचा गोंगाट ऐकू येत होता.

रंजनाचा हात थांबला. फुगा तिच्या मुठीत अर्धा दाबलेला राहिला. ती नवऱ्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तिने नाही म्हणून मान हलवली नाही, हो म्हणूनही नाही.

मी चादरीखालून डावा हात बाहेर काढला. करंगळीवर पट्टी होती, तिच्यातून लाल उजेड झिरपत होता.

"प्रल्हाद," मी म्हणाले, "तुमचं बाळ तीन वाजून बत्तीस मिनिटांनी गेलं. त्यानंतर तुम्ही वाचत होता तो नंबर माझा आहे."